एकसष्ट नंबरची दीर्घिका

माझं काम काचा मोजण्याचं होतं. असं सांगितलं की लोकांना वाटायचं, मी खिडक्यांच्या दुकानात नोकरीला आहे.

ही १९९२ सालची गोष्ट. बंगळूरच्या दक्षिणेला, निलगिरीच्या झाडांमागे एक खगोलशास्त्राची संस्था होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. डोंगरावरच्या दुर्बिणीतून घेतलेले आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर असत. प्रत्येक काच पाटीएवढी, खाकी पाकिटात घातलेली आणि तळघरातल्या लोखंडी कपाटात उभी लावलेली. या फोटोत सगळं उलटं दिसतं. आकाश पारदर्शक आणि तारे काळे. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, स्क्रू फिरवून एकेका काळ्या ठिपक्याची जागा मोजायची आणि तक्त्यात आकडे भरायची. तळघरात एसीची घरघर आणि रसायनांचा आंबूस वास सोडला तर काही नसे. बेळगावात मी बीएस्सी झाले होते, आकडे चुकत नसत. मला ते काम आवडायचं.

डॉ. योगीराज यांच्याकडे तेव्हा दीर्घिकांच्या एका दूरच्या समूहाचं काम चाललं होतं. एका समूहात दोनशे चौदा दीर्घिका, प्रत्येकीत अब्जावधी तारे. तिथून निघालेला प्रकाश इथे पोचायला शंभर कोटींहून जास्त वर्षं लागलेली. त्यांतल्या बऱ्याच दीर्घिका लंबवर्तुळाकार होत्या, काचेवर अंगठ्याचा पुसट ठसा उठावा तशा. त्यांच्यात नवे तारे जन्मत नाहीत, कारण ज्यातून तारे बनतात तो वायूच संपलेला असतो, असं योगीराजांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "तिथलं सगळं होऊन गेलंय," ते म्हणाले होते.

जुलैमध्ये मी एकसष्ट नंबरवर आले. त्या दिवशी माझी मुलगी कस्तुरी तापाने फणफणली होती. ती सात वर्षांची होती. माझे यजमान सयाजी घड्याळांच्या कारखान्यात फिटर, त्यांची पहिली पाळी. रजा मिळेना, म्हणून विल्सन गार्डनमधल्या आमच्या शेजारणीकडे, कावेरीअक्कांकडे तिला ठेवून मी कामावर आले. डोळा भिंगाला लावला होता, पण मन तिच्याकडे होतं. आता ताप किती असेल, पेज घशाखाली गेली असेल का, हेच चाललं होतं.

एकसष्ट नंबरच्या तीन काचा होत्या, तीन वेगवेगळ्या वर्षांतल्या. पहिलीच्या पाकिटावर शिसपेन्सिलीने कन्नडमध्ये एकच शब्द लिहिला होता. 'नोडबेडी'. बघू नका. मला वाटलं, काच उजेडात धरू नका असं कुणीतरी बजावलंय.

दीर्घिका इतरांसारखीच होती. कडेला फिकट, मध्याकडे गडद होत जाणारी. फक्त अगदी मध्यावर, जिथे ती सगळ्यांत काळी असायला हवी, तिथे काहीच नव्हतं. लांबट गोल आकाराची एक जागा मोकळी होती. डाग नव्हता, ओरखडा नव्हता. तिथली काच स्वच्छ होती, पुसून ठेवल्यासारखी.

दुसऱ्या काचेवर ती मोकळी जागा थोडी मोठी होती. तिसऱ्या काचेवर आणखी मोठी. पहिल्या आणि तिसऱ्या काचेत फक्त पाच वर्षांचं अंतर होतं. त्या दीर्घिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला प्रकाशालाच लाखभर वर्षं लागतात. पाच वर्षांत तिथे काही बदलणं शक्य नाही, हे मलाही कळत होतं.

मी तिन्ही काचा घनता मोजण्याच्या यंत्रावर चढवल्या. आलेख निर्दोष आला. मध्यावर सर्वांत उंच, दोन्ही बाजूंना हळूहळू उतरता. यंत्राच्या मते तिथे पोकळी नव्हतीच. मी योगीराजांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितलं, मला डोळ्यांना विश्रांती द्या म्हणाले आणि वर निघून गेले.

पण मी विश्रांती घेतली नाही. चार दिवस मी त्याच काचांवर बसले. त्या मोकळ्या जागेत बघताना विचार करणं सोपं जायचं, आणि मी विचार कस्तुरीचाच करत होते.

तिचा ताप उतरला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती आणि मी दारात तांदूळ निवडत बसले होते. वर बघितलं तर तिच्या डाव्या गालावर रुपयाएवढी जागा दिसली नाही. तिथून मागची तुळस दिसत होती. मी डोळे चोळले. ती हसत होती, पण अर्धं हसू मला दिसत नव्हतं.

पंधरा दिवसांत तिचा सगळा चेहरा गेला. मग केस, मग हात, पाय. बाकी सगळं मला लख्ख दिसत होतं. सयाजी, कावेरीअक्का, बसचे नंबर, सुईचं भोक. फक्त कस्तुरीचा फ्रॉक घरात हिंडायचा आणि फ्रॉकच्या गळ्यातून मला पलीकडची भिंत दिसायची. अल्बममधल्या जुन्या फोटोंतही तेच. बारशाच्या फोटोत माझ्या मांडीवर एक झबलं होतं.

सयाजींना सांगायला मला चार दिवस लागले. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. ते मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, कस्तुरीलाही बरोबर घेतलं. डॉक्टर म्हातारे होते, शांतपणे बोलायचे. डोळ्यात एखादी जागा आंधळी असली तर मेंदू तिथे आजूबाजूचं चित्र भरतो, त्यामुळे तिथे भिंत आहे असं वाटतं, असं त्यांनी समजावलं. मला हायसं वाटलं. मी त्यांना म्हटलं, "पण हिच्या मागे कॅलेंडर आहे. त्यात दहा तारखेला कुणाचं तरी ऑपरेशन लिहिलंय."

डॉक्टरांनी कस्तुरीला तिथेच उभं राहायला सांगितलं आणि मला डोळे मिटायला. कागद फाडल्याचा आवाज आला. मग डोळे उघडा म्हणाले. मी वाचलं. त्यांनी कागदावर कुठल्याशा गावाचं नाव लिहून तिच्या पाठीमागे भिंतीला चिकटवलं होतं, अगदी बारीक अक्षरात.

डॉक्टरांनी कागद काढून खिशात ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेले, एकसष्ट नंबरची तिसरी काच काढली आणि फरशीवर आपटली. तुकडे गोळा करून वर्तमानपत्रात बांधले. मला वाटलं होतं, घरी जाईन तेव्हा ती दारात उभी असेल.

दारात फ्रॉक उभा होता. आणि सकाळी उठले तेव्हा फ्रॉकही नव्हता. कस्तुरीचा आवाज स्वयंपाकघरातून आला, "आई, मी आंघोळ केली." मी आवाजाकडे बघितलं. तिथे पाटा होता, वरवंटा होता, खिडकीतून आलेलं ऊन होतं.

काच फुटल्याची नोंद करायला मी रजिस्टर उघडलं. फुटलेल्या काचांसाठी शेवटचं पान असतं. त्यावर पूर्वीची एकच नोंद होती, अकरा वर्षांपूर्वीची. दीर्घिका क्रमांक एकसष्ट, या तिन्हींच्या आधीची काच. सही देवाप्पांची. ते डोंगरावर काचा धुवायचे आणि धुतल्यावर भिंगाने तपासायचे. अक्षर पाकिटावरचंच होतं.

ते निवृत्त होऊन श्रीरामपुऱ्यात राहत होते. मी रविवारी दुपारी तिथे गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. विठाबाई, ठेंगणी, हातात रवी. जुन्या बंगळुरी मराठा घरातली बाई. आत देवाप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. चष्मा न लावता वाचत होते. विठाबाईंनी कॉफी आणली आणि त्यांच्यापुढे लोटा धरला. त्यांनी हात पुढे केला तो वीतभर डावीकडे. विठाबाईंनी दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरून लोट्याकडे नेलं. दोघांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. रोजचं असावं.

मी कशासाठी आले ते सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी पेपरची घडी केली.

"कोण गेलं, अक्का?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

"बघताना तिचंच मनात होतं?"

मी हो म्हटलं.

"मला हिची काळजी होती. बाळंतपण अवघड होतं, आणि मी डोंगरावर अडकलेलो." त्यांनी लोटा खाली ठेवला. "मूल गेलं. ही वाचली. मी खाली आलो तर कॉटवर नुसती चादर, आणि चादरीतून रडणं."

मी विचारलं, काही उपाय केला का. त्यांनी खूप केलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर, देव, औषधं. काच फोडल्यावर हिचं लुगडंही गेलं, म्हणाले. तोवर निदान लुगडं दिसायचं, घरात कुठे आहे ते कळायचं. पुढच्या तीन काचा दुसऱ्यांनी काढल्या, त्यांनी नुसत्या धुतल्या, डोळे मिटून. पहिलीच्या पाकिटावर जमेल तेवढं लिहिलं. आणखी कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं, ते त्यांना कळलं नाही.

विठाबाई मला पोचवायला गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. त्या म्हणाल्या, "मी आहे हे त्यांना ठाऊक आहे, बाई. तेवढ्यावर चालतं. पण मी म्हातारी झाले, ते त्यांनी बघितलंच नाही." पदराने त्यांनी मानेवरचा घाम पुसला. "अन् कधी कधी मी बोलत नसताना ते 'हो' म्हणतात."

त्या बोलण्याकडे तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

नोकरी मी सोडली नाही. उरलेल्या दोन काचा कुणी काढू नयेत म्हणून त्या कपाटाच्या तळाशी, जुन्या जाड नकाशांच्या मागे ठेवल्या. घरी आम्ही शिकलो. सयाजींनी चिकपेटहून कस्तुरीला घुंगरांचे पैंजण आणले. ती कुठे आहे ते मला त्यावरून कळायचं. तिचं नाक कसं झालंय, पुढचा दात आला का, हे मी बोटांनी बघायची. तिला हा खेळ वाटायचा. "आता ओळख," म्हणायची आणि तोंड वेडंवाकडं करायची. मी ओळखायची. संध्याकाळी सयाजी मला सांगायचे, आज निळा फ्रॉक घातलाय, आज गुडघा खरचटलाय. मी ते ऐकून ठेवायची. आमचं बरं चाललं होतं, असं आता वाटतं.

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या दिवशी संस्था शाळांना खुली असे. कस्तुरीच्या शाळेचा तिसरा तास आमच्याकडे होता. मी सयाजींना बजावलं होतं की तिला त्या दिवशी शाळेत पाठवू नका. ते कबूल झाले होते. पण आदल्या संध्याकाळी ती त्यांच्या मागे लागली. मैत्रिणींना आईचं ऑफिस दाखवायचं होतं. त्यांना तिचं मन मोडवलं नाही, आणि मला सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

मी वरच्या मजल्यावर मुलांना दुर्बिणीचे भाग दाखवत होते. साडेअकराला तळघरातून योगीराजांचा आवाज आला. ते मुलांना सांगत होते की या काचेवर जो ठिपका आहे, तो तुम्ही आयुष्यात बघाल त्यातली सगळ्यांत लांबची गोष्ट.

मी जिना उतरले. सूक्ष्मदर्शकाशेजारी मी नकाशांमागे लपवलेलं खाकी पाकीट पडलं होतं. पेन्सिलीचा शब्द वरच होता.

मुलांची रांग भिंतीपासून टेबलापर्यंत होती. गणवेश सगळ्यांचा सारखा, मरून आणि पांढरा. एकेक मूल स्टुलावर चढत होतं, एक डोळा मिटून बघत होतं आणि उतरत होतं. कुणालाही काही वेगळं दिसत नव्हतं. मी रांगेतले चेहरे मोजले. सदतीस. बाईंना पट विचारला. त्या म्हणाल्या, अडतीस.

पैंजण शाळेत चालत नाहीत.

स्टूल रिकामं होतं. रांग थांबली होती. रांगेतलं पहिलं मूल स्टुलाकडे बघत आपल्या पाळीची वाट बघत होतं.

"आई," स्टुलावरून आवाज आला, "हे मधलं भोक कसलं?"

मी हात घातला. माझ्या हाताला तिचा दंड लागला. मी तिला ओढून खाली घेतलं, छातीशी धरलं. योगीराज माझ्याकडे बघत राहिले. बाई पुढे आल्या.

मी तिला विचारलं, बघताना तू कुणाचा विचार करत होतीस.

"तुझाच," ती म्हणाली. "मला वाटलं, तू रोज हे बघतेस."

माझ्यापेक्षा तिचं लवकर झालं. आठ दिवसांत, आणि काच न फोडताही माझी साडीसुद्धा तिच्या नजरेतून गेली. एका सकाळी मी तिच्यासमोर दुधाचा पेला घेऊन उभी होते आणि ती आतल्या खोलीत हाक मारून विचारत होती, "बाबा, आई कुठे गेली?" सयाजी दारात आले. त्यांनी तिला माझी जागा दाखवली, मला तिची दाखवली. आम्ही दोघी एकमेकींसमोर हातभर अंतरावर होतो. तिला माझ्यामागची मांडणी दिसत होती, मला तिच्यामागचं दार.

मी पस्तिशीची होते, मला कारण माहीत होतं. ती सात वर्षांची होती. रिकाम्या हवेतून कुणीतरी तोंडावरून हात फिरवतंय, कुणीतरी ताटात वाढतंय, हे तिला सोसेना. मी आधी हाक मारून मग हात लावायची, तरी ती अंग चोरायची. रात्री वडिलांच्या कुशीत झोपायची. हळूहळू तिने मला हाक मारणं सोडलं. उत्तर कुठून येईल, ते कळत नसे म्हणून.

"तिला तुझ्या हातांची भीती वाटते, वसू," सयाजी म्हणाले. ते मान खाली घालून म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

जूनमध्ये त्यांनी तिला निपाणीला नेलं, त्यांच्या बहिणीकडे, रंजितावन्संकडे. मी स्टँडवर गेले होते. खिडकीजवळची सीट रिकामी दिसत होती. मी तिला हात केला. ती माझ्याकडे बघत होती की नाही, ते सयाजींनाही सांगता आलं नाही. बस गेली.

सयाजी परत आल्यावर महिन्याभरात मी नोकरी सोडली. दोन्ही काचा तिथेच आहेत. माझ्या जागी नवीन मुलगी आली, तिला मी सगळं सांगितलं. ती हसून ऐकत राहिली.

कस्तुरी माझ्याशी फोनवर बोलते. दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये जाते. फोनवर कुणालाच कुणी दिसत नसतं, त्यामुळे तिथे तिला भीती वाटत नाही. अभ्यासाचं बोलते, वन्संच्या म्हशीचं बोलते. तीन वर्षं झाली. ती आता अकरा वर्षांची आहे आणि मला तिच्याविषयी वन्सं पत्रात लिहितात तेवढंच ठाऊक आहे. पहिल्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं की शाळेत उवा झाल्या म्हणून पोरीचे केस मुलासारखे बारीक कापले आहेत, आणि तिला तेच आवडतात, आता वाढवायचे नाहीत म्हणते.

ते पत्र आलं त्या आठवड्यातच हे सुरू झालं.

सयाजी सकाळी सहाला पाळीला जातात. सात वाजता मी चहा घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसते. एका सकाळी माझ्या पुढ्यात कुणीतरी येऊन बसलं, पाठ माझ्याकडे करून. लहान मुलं वेणीसाठी बसतात तसं. दिसलं काही नाही. फरशी होती, चुलीचा ओटा होता. पण गुडघ्यांना पाठ टेकली. ती ऊबदार होती. मी हात पुढे केला तर हाताला केस लागले, खांद्यापर्यंतचे, न विंचरलेले.

मी फणी आणली आणि वेणी घातली. घालून झाल्यावर ते उठून गेलं.

तेव्हापासून रोज येतं. बोलत नाही. मी बोलते. आज कावेरीअक्कांकडे काय झालं, भाजी काय करणार आहे, असं काहीबाही. सयाजींना मी सांगितलेलं नाही. रविवारी फोनवर कस्तुरीलाही विचारलेलं नाही.

वेणी आता कमरेच्या खाली आली आहे. घालायला बराच वेळ लागतो. केस दाट आहेत, तेलाने जड होतात, आणि मधूनमधून हाताला एखादा राठ केस लागतो, पिकलेल्या केसासारखा. मी मागूनच वेणी घालते. हात पुढे नेऊन चेहरा मी अजून चाचपलेला नाही.